खिडकी आणि चूल

दिवाळीचे आकाशकंदील उतरवून माळ्यावर गेले, की त्यानंतर महिन्याभरात ख्रिस्ती घरांतून आणि चर्चमधून दुसरे दिवे लागू लागतात. नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस मिळून जो काळ होतो, त्याला आपल्या मराठी ख्रिस्ती बांधवांनी ‘आगमनकाळ’ असे सुरेख नाव दिले आहे. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा त्याचा पहिला दिवस. सण अजून आलेला नाही, पण यावयाचा आहे. म्हणून झाडायचे, पुसायचे, मनाच्या कोपऱ्यांतली जळमटे काढायची आणि वाट पाहायची. धर्मगुरूंचा झगा ह्या दिवसांत जांभळा असतो, तिसऱ्या रविवारी काय तो गुलाबी. वसुबारसेच्या आधी आपल्या घरांतून बायकांची जी लगबग चाललेली असते तिला कोणी ‘काळ’ म्हणून वेगळे नाव दिले नाही. नाही तर ओळख पटायला वेळ लागू नये.

ह्या काळातल्या दिव्यांची एक हकिकत आहे. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरी योहान हिन्रिख विखर्न नावाच्या धर्मोपदेशकाने १८३३ साली गरीब, उनाड, पोरक्या मुलांसाठी एक घर काढले. मुले ती मुलेच; नाताळला किती दिवस राहिले, हा प्रश्न ती रोज विचारीत. तेव्हा १८३९ साली त्याने गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्याच्यावर मेणबत्त्या उभ्या केल्या. रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या चार आणि इतर दिवसांसाठी लहान तांबड्या. रोज एक लावायची. मुलांना दिवस मोजता आले, आणि मी शाळामास्तरीण असल्यामुळे मला वाटते, बेरीज-वजाबाकीही थोडी आली असेल. पुढे ह्या चाकाचे हिरव्या डहाळ्यांचे कडे झाले आणि ते जगभर गेले. पण जाता जाता त्यातल्या लहान तांबड्या मेणबत्त्या गळाल्या! आज बहुतेक ठिकाणी कड्यावर चारच दिवे दिसतात, चार रविवारांचे. सोमवार-मंगळवारांना दिवा राहिला नाही.

मला बोलावयाचे आहे ते ह्या गळालेल्या तांबड्या मेणबत्त्यांविषयी. म्हणजे साध्या दिवसांविषयी. आणि साध्या दिवशी देवाची कृपा घरात येते ती साहित्यात कशी दाखवावी, ह्याविषयी. मी ख्रिस्ती नाही. माझे शिक्षणही मॅट्रिकवर थांबले, तेव्हा समीक्षेची जड परिभाषा माझ्यापाशी नाही. परंतु चार कादंबऱ्या लिहिताना एक गोष्ट हाताला चांगली भाजली आहे: देव कथेत आणणे सोपे आहे, त्याला तिथे देव म्हणून न ओळखवता बसवून ठेवणे फार कठीण आहे.

दारी याचक येतो, यजमान त्याला हाकलतो किंवा जेवू घालतो, आणि मग कळते की तो साक्षात परमेश्वर होता; ही गोष्ट कोणत्या देशात नाही? आपल्याकडे तर घरोघर आहे. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही आख्यायिका कीर्तनात आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. गाढव पाणी पिऊन उठले आणि चालू लागले, एवढ्यावर जो कीर्तनकार थांबतो तो मला आवडतो. गाढवाच्या जागी लगोलग शंख-चक्र-गदा उभी करणारे बुवाही आहेत. श्रोते त्यांनाच अधिक टाळ्या देतात. पण मला तेव्हा त्या गाढवाची कीव येते. बिचाऱ्याला स्वतःची तहानसुद्धा राहू दिली नाही.

ह्या जातीच्या कथांत सर्वांत मोठी कथा टॉल्स्टॉयची, मार्टिन नावाच्या चांभाराची. १८८५ सालची. तिचा जन्म मोठा गमतीचा आहे. मूळ गोष्ट रूबेन सायांस ह्या फ्रेंच धर्मोपदेशकाची. त्याचा मार्टिनबाबा मार्सेय शहरातला, आणि प्रसंग नाताळच्या आदल्या रात्रीचा. ती कोणी नाव न घालता रशियन मासिकात छापली. टॉल्स्टॉयने ती निनावी समजून आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिली, आणि पुढे मूळ लेखकाने तक्रार केली तेव्हा त्याची क्षमाही मागितली. हे सगळे सांगायचे कारण असे, की टॉल्स्टॉयने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर कथेतला नाताळच काढून टाकला. त्याच्याकडे आहे तो नुसता हिवाळ्यातला एक दिवस. सणाचा नाही, वाराचा नाही. विखर्नच्या चाकावरची लहान तांबडी मेणबत्ती!

कथा पुष्कळांच्या वाचनात असेल. मार्टिन तळघरात राहतो. एकच खिडकी, आणि तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे पाय तेवढे दिसतात. जोड्यांवरून तो माणसे ओळखतो, कारण बहुतेक जोडे एकदा तरी त्याच्या हाताखालून गेलेले आहेत. बायको गेली, मुले गेली, उरलेला एकुलता मुलगा हाताशी आला आणि तोही गेला. देवावर रुसलेला हा म्हातारा पुढे शुभवर्तमान वाचू लागतो. एका रात्री वाचता वाचता डोळा लागतो आणि आवाज येतो, की उद्या रस्त्याकडे लक्ष ठेव, मी येणार आहे. दुसऱ्या दिवशी तो काम करतो आणि खिडकीकडे पाहतो. येतो कोण? बर्फ उपसणारा थकलेला म्हातारा शिपाई स्तेपानिच. मग तान्हे मूल घेतलेली, उन्हाळ्याच्या कपड्यांत कुडकुडणारी बाई. मग सफरचंदे विकणारी म्हातारी आणि तिचे एक फळ लांबवणारा पोरगा. देव काही येत नाही. रात्री मात्र अंधारातून एकेक जण पुढे होतो आणि आवाज सांगतो, की तो मीच होतो.

ह्या कथेत एक जागा आहे. स्तेपानिच चहा पितो, पेला पालथा घालतो, चोखून उरलेला साखरेचा खडा त्या पालथ्या बुडावर ठेवतो आणि आभार मानू लागतो. पण त्याला आणखी हवा आहे, हे दिसते आहे. मार्टिन पुन्हा ओततो. बस्, इतकेच. आपल्याकडे पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरतो आणि ‘पुरे, पुरे’ म्हणतो. ते ‘पुरे’ खरे किती आणि लाजेचे किती, हे वाढणारीला बरोबर कळते. ती हातांच्या फटीतून पोळी ताटात टाकते. टॉल्स्टॉयच्या थोरवीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या मते ती त्या उरलेल्या साखरेच्या खड्यावर आहे. कारण त्या क्षणी मार्टिन देवाची वाट पाहण्याचे विसरलेला असतो आणि एका म्हाताऱ्याची तलफ त्याला दिसते. कृपा म्हणतात ती ह्याहून वेगळी काय असणार?

वर्गात ही गोष्ट मी एकदा सांगितली. मुले रंगली. पण मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आदल्या रात्री आवाज आला नसता, तर त्याने त्या म्हाताऱ्याला चहाला बोलावले असते का?”

मी मुलांना म्हटले, तुम्हीच सांगा. निम्मा वर्ग हो म्हणाला, निम्मा नाही. परंतु ह्या प्रश्नात संपूर्ण समीक्षा आहे, हे जाणत्यांच्या लक्षात येईल. मार्टिनला पूर्वसूचना आहे. परीक्षेत कोणता प्रश्न येणार हे त्याला ठाऊक आहे. फक्त कोणत्या अक्षरात येणार ते ठाऊक नाही. आणि रात्री निकालही जाहीर होतो. टॉल्स्टॉयचा हात एवढा मोठा, की पेला आणि साखर आपल्याला ह्याचा विसर पाडतात. पण शेवटी तो आवाज येतो तेव्हा स्तेपानिच धुक्यासारखा विरून जातो. विरून जाण्याचे दृश्य कथेतच आहे, आणि ते मला पटत नाही. म्हाताऱ्याने विरू नये. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ उपसायला यावे, पुन्हा दमावे, पुन्हा पेला पालथा घालावा. साने गुरुजींनी मराठीत आणलेल्या टॉल्स्टॉयच्या कलाविषयक ग्रंथात त्याने स्वतःच्या सगळ्या लेखनातून दोनच कथा चांगल्या कलेच्या रांगेत बसवल्या आहेत. त्यांत मार्टिनची नाही. त्याचे कारण माझेच असेल असा माझा दावा नाही. एवढे खरे, की स्वतःच्या लेकरांना इतके कमी गुण देणारा दुसरा लेखक मला माहीत नाही.

आवाज नाही, पूर्वसूचना नाही, रात्रीचा निकाल नाही, आणि तरी कृपा पावलापावलाने घरात आली असे पुस्तक आहे का? आहे, आणि ते आपल्याच भाषेत आहे, आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. तो ग्रंथ १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झाला. आपण तो विनोदासाठी वाचतो, टिळकांच्या विक्षिप्तपणासाठी वाचतो, बोलल्यासारख्या भाषेसाठी वाचतो. ह्यांत काही गैर नाही. पण ‘धर्माचे काय ते रेव्हरंड टिळकांकडे, लक्ष्मीबाईंकडे नुसते संसाराचे’ अशी जी वाटणी आपण मनात करून टाकली आहे, ती मला मान्य नाही. मला वाटते, मराठीतले आगमनकाळाचे सर्वांत खरे पुस्तक हेच होय.

तारखाच पाहा. नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मध्ये पाच वर्षे. चार आठवड्यांचा आगमनकाळ चर्चला पुरतो. ह्या बाईला पाच वर्षे लागली, आणि ती वाट पाहत नव्हती! उलट ज्याने आपला नवरा नेला, घर मोडले, त्याच्यावर ती चिडलेली होती. मार्टिन खिडकीपाशी बसला होता. लक्ष्मीबाईंनी खिडकी लावून घेतली होती. ह्या काळात त्या पंढरपुरास राहिल्या, हा योगही विचार करण्यासारखा आहे. आईबापांच्या सेवेत गढलेल्या पुंडलिकाने देवाला वीट फेकून दिली आणि थांबायला सांगितले, ती ही नगरी. जगात इतरत्र माणूस देवाची वाट पाहतो. पंढरपुरात देव माणसाचे काम आटोपण्याची वाट पाहत उभा आहे. लक्ष्मीबाई हे असे काही म्हणत नाहीत. त्या फक्त दुःख सांगतात, आणि दुःखातही कोणाची तरी नक्कल करून जातात.

पुस्तकाची सुरुवात आठवा. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धसक्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही. त्या पायी घरातल्या बायकापोरांचे काय हाल होत, हे त्या असे सांगतात की वाचताना हसू आवरत नाही, आणि पान उलटल्यावर पोटात कालवते. आता कोणी म्हणेल, हा बालपणीचा विनोदी भाग झाला, त्याचा धर्माशी संबंध काय? सगळा संबंध आहे. पाणी ह्या घरात भीतीचे होते. धुवायचे, पुन्हा धुवायचे, शिंपडायचे. आणि पुढे ज्या गोष्टीपाशी ह्या बाईचे आयुष्य येऊन अडते तेही पाणीच. नवऱ्याकडे राहायला गेल्यावरसुद्धा त्यांची चूल वेगळी, त्यांचे पाणी वेगळे. नवरा परत मिळाला, पण हंडा एक नाही. एकाच छपराखाली दोन स्वयंपाक चालतात, ह्यातली कुचंबणा पुरुष समीक्षकांनी फारशी मोजलेली नाही. ज्या बाईने आयुष्यात वेगळे ताट, वेगळे पान सांभाळले आहे तिला ती सांगावी लागणार नाही.

ही वेगळी चूल मोडते कशी? कोणी प्रवचन देऊन नव्हे. टिळकांसारखा वक्ता घरात असूनही नव्हे. त्या स्वतःशीच विचार करतात. जाती देवाने केल्या की माणसाने? जन्मणे आणि मरणे सगळ्यांचे सारखेच. मग ह्या माणसाने केल्या. आणि माणसाने केलेल्या असतील तर त्या पाळण्याचे मला कारण नाही. झाले. एखादी बाई महिन्याच्या वाण्याच्या बिलाचा हिशेब लावते तितक्या शांतपणे हा हिशेब लागतो. आकाश उघडत नाही. आवाज येत नाही. कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे, एवढे ठरते. वडिलांच्या घरातल्या त्या साऱ्या धुण्याचा, शिंपडण्याचा धाक ओसरून जातो. टॉल्स्टॉयने हा प्रसंग लिहिला असता, तर त्या रात्री कोणी तरी ओंजळ पुढे करून ‘तो मीच’ म्हणाला असता. लक्ष्मीबाई पुढच्या पानावर दुसरेच काही सांगू लागतात.

‘कृपा’ हा शब्द आपण मराठी माणसे फार स्वस्तात वापरतो. कसे काय, असे कोणी विचारले की ‘आपली कृपा’ म्हणून मोकळे होतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाला ह्या शब्दाची फारशी गरज लागत नाही. त्याच्या जागी त्यांच्यापाशी हसणे आहे. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. दुसऱ्याची अडचण दिसली की तो गेलाच. घरात उद्याची चिंता, आणि हे गृहस्थ पोरकी मुले घरी आणणार. ती मुले न्हाऊमाखू घालायची कोणी? बाईंनी. त्या भांडतात, कपाळाला हात लावतात आणि मुलांना जेवायला वाढतात. आणि हे सगळे लिहिताना स्वतःच्या भांडखोरपणालाच हसतात. अहमदनगरला प्लेगचे दिवस आले तेव्हाही त्या सेवेला उभ्या राहिल्या. तिथेही मोठेपणाचा आव नाही, भीती वाटली तर भीती वाटली असे सरळ सांगून मोकळ्या. आपल्या संतसाहित्यात देवाशी भांडण्याची परंपरा मोठी आहे. देवाने आणून ठेवलेल्या माणसांशी भांडत भांडत त्यांचे करण्याची परंपरा त्याहून मोठी असली पाहिजे, पण ती लिहून ठेवणारी ही एकच भेटली.

शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरे नवऱ्याने शिकवली. म्हणूनच त्यांचे लेखन इतके अकृत्रिम, असे म्हणण्याची चाल आहे. मला ते म्हणणे जरा वरवरचे वाटते. न शिकलेल्या बायका आपल्याकडे लाखो होत्या. त्यांतून एकच ‘स्मृतिचित्रे’ झाले. काय सांगायचे नाही, हे ह्या बाईला पक्के कळत होते. बाप्तिस्म्याचा प्रसंग दहा पानांचा करण्याचा मोह कोणाला झाला नसता? नवा धर्म घेतलेल्या माणसाला आपला जुना अंधार जास्त काळा करून दाखवण्याची हौस असते. लक्ष्मीबाई माहेरच्या वेडाचीही चेष्टा करतात आणि मिशनच्या बंगल्यांतल्या रीतीभातींचीही, आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांवर माया सारखीच.

दोष नाहीत असे नाही. शेवटच्या भागात बदल्या, गावे, माणसांची नावे ह्यांची गर्दी होते, आणि काही काही पाने नुसती टाचणासारखी वाटतात. पहिल्या भागातले माजघर जसे डोळ्यांपुढे उभे राहते तसे तिथे काही राहत नाही.

आणि ‘ख्रिस्तायन’? येथे माझे मत पुष्कळांना रुचणार नाही. टिळकांनी ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभले, पण १९१९ साली ते वारले तेव्हा थोडेच अध्याय लिहून झाले होते. उरलेला बहुतेक सगळा ग्रंथ लक्ष्मीबाईंनी पुरा केला. ओवीत ख्रिस्तकथा सांगण्याची वाट मराठीत जुनी आहे. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, आणि त्याचे सगळे पहिले पुराण म्हणजे तारणारा येण्यापूर्वीची वाट पाहणेच आहे. प्रत्यक्ष ख्रिस्त येतो तो दुसऱ्या पुराणात. वाचकाला एवढा वेळ उंबऱ्यावर तिष्ठत ठेवण्याचे धैर्य त्या परदेशी माणसाला होते. लक्ष्मीबाईंची ओवी सरळ आहे, निर्मळ आहे, पतीचे काम पुरे करण्याची त्यांची निष्ठा तर नमस्कार करण्यासारखी. पण ‘ख्रिस्तायना’त ख्रिस्त समोर उभा आहे आणि बाई हात जोडून उभ्या आहेत. त्यांच्याने तिथे हसवत नाही. ‘स्मृतिचित्रां’त तो दिसत नाही, आणि बाई कमरेला पदर खोचून बडबडत, रागावत, वाढत घरभर फिरत असतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर माझा कौल कोणत्या बाजूला, हे सांगायला नको.

लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारीत वारल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. ‘स्मृतिचित्रां’चे इंग्रजी भाषांतर पुढे १९५० साली झाले, आणि अलीकडे २०१७ साली शांता गोखले ह्यांनी ते नव्याने केले, तेव्हा आता सातासमुद्रापलीकडच्या आपल्या नातवंडांनाही ते पुस्तक देता येईल. ज्यांच्या घरी मराठी प्रत आहे त्यांनी ह्या वर्षी दिवाळी आणि नाताळ ह्यांच्या मधल्या दिवसांत ती काढावी. रविवारीच वाचायला बसावे असे नाही. रात्रीची भांडी आवरल्यावर चार पाने, घरातल्या कोणा तरी म्हाताऱ्या माणसाला ऐकू जाईल अशी मोठ्याने.